चाकांचे मोजे

कौन्सिलची लॉरी येऊन आमच्या कोपऱ्यावरची पिवळी पेटी निसरड्या बर्फावर टाकायच्या खारट वाळूने भरून गेली, की माझा हिवाळा सुरू होतो. घड्याळं कधी एक तास मागे घेतली, कॅलेंडर काय म्हणतं, याच्याशी मला देणंघेणं नाही. लॉरी वळणापलीकडे गेली की मी पायात बूट सारते, पेटीपाशी जाते, झाकण उघडते आणि घरून नेलेली काठी वाळूत तळापर्यंत खुपसून बघते. वरून भरलेली दिसते म्हणून खालपर्यंत भरलेली असेल, असं मी धरून चालत नाही. शेजारची मॉयरा खिडकीतून हे बघते आणि हसते. हसू दे बापडी. माझी आख्खी नोकरी हॉस्पिटलच्या फार्मसीत गेली. दुसऱ्याने लिहिलेला डोस बरोबरच असेल असं मानायचं नाही, याचाच मला पगार मिळायचा.

आमचा रस्ता ग्लासगोच्या उत्तर टोकाला, चढावर आहे. घर घेताना एजंट सारखा म्हणत होता, व्ह्यू बघा, व्ह्यू. व्ह्यू आहेच. स्वच्छ दिवशी बैठकीतून आख्खं शहर दिसतं, पलीकडच्या टेकड्या दिसतात. पण व्ह्यू म्हणजे उतार, हे त्या वयात डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी आम्ही घर घेतलं असतं, कारण यांना ती खिडकी आवडली होती. हे म्हणजे श्रीधर, माझे यजमान. चारचौघांत मी श्रीधर म्हणते, इथे सगळे तसंच म्हणतात. मनात मात्र अजूनही ‘हे’च म्हणते. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. आता ते नाहीत. खिडकी आहे, उतार आहे आणि काठी घेऊन वाळू तपासणारी मी आहे.

इथला बर्फ चित्रातल्यासारखा नसतो, हे भारतातल्या माणसांना सांगून पटत नाही. आमची बहीण फोनवर म्हणते, काय बाई मज्जा तुमची, पांढरंशुभ्र. पांढरंशुभ्र सकाळच्या चहापुरतं असतं. दुपारी ते राखाडी होतं, अर्धवट वितळतं, संध्याकाळी पुन्हा गोठतं आणि रात्री आभाळ मोकळं झालं की त्याची काच होते. त्या काचेला इथे ब्लॅक आइस म्हणतात. ती काळी नसते, ती दिसतच नाही. रस्ता नुसता ओला वाटतो. जी वस्तू दिसत नाही आणि तरी तिच्यावरून जावं लागतं, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

यांच्या आजारपणातला तो हिवाळा आठवतो तो आवाजावरून. म्हणजे आवाज नसण्यावरून. पहाटे जाग यावी आणि खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर ऐकू येऊ नये. उशीवरच मला कळायचं, पडलाय. मग दुसरा विचार: आज वार कुठला? मंगळवार, गुरुवार असला तर मी कूस बदलायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार असला तर उठून बसायची. यांच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या आणि आठवड्यातून ते तीन वार हॉस्पिटलात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं होतं. एखादा वार चुकला की पाय सुजायचे, धाप लागायची. लागोपाठ चुकले तर माणूस किती दिवस टिकतो, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हॉस्पिटलची गाडी न्यायला यायची सोय होती. पण ती चार जणांना गोळा करत फिरायची, बर्फात आमचा चढ चढायची नाही, आणि उतारावरून चालत खाली जाणं यांना झेपणारं नव्हतं. हाडं ठिसूळ झालेली, डायलिसिसनंतर तर पायात जोरच राहायचा नाही. तेव्हा नेणं-आणणं माझ्याकडे आलं. तोवर गाडी म्हणजे यांचा प्रांत. मी सुपरमार्केटपर्यंत, तेही सपाटीवरून, तेही पार्किंगला दोन जागा मोकळ्या दिसल्या तर.

थंडी सुरू होताहोताच एकदा गाडी उतारावर घसरली. मी ब्रेक दाबला आणि गाडीने माझं ऐकायचं सोडलं. ती तिरकी होऊन, सावकाश, अगदी सावकाश खाली निघाली. घाईगडबड काही नाही. त्या सावकाशपणाचीच मला जास्त भीती वाटली. हे शेजारी बसून वर्गात बोलावं तसं म्हणाले, "उषा, ब्रेक सोड." मी सोडला. चाकं फिरली, गाडी सरळ झाली आणि कडेच्या दगडाला टेकून थांबली. घरी आल्यावर मी हातमोजे काढले, तर आतून हात घामाने ओले होते. यांनी ते पाहिलं.

मग आमचा शोध सुरू झाला. चाकांना साखळ्या बांधाव्यात हा पहिला विचार, पण आमच्या गाडीच्या पुस्तकातच लिहिलं होतं की या चाकांना साखळी लावू नये, आतल्या बाजूला जागाच नाही. शिवाय बर्फ फक्त आमच्या उतारावर. खालच्या मोठ्या रस्त्यावर मीठ टाकलेलं, काळं डांबर उघडं. तिथे साखळ्या म्हणजे रस्त्याचंही नुकसान, गाडीचंही. तेव्हा साखळीला पर्याय काय, हा प्रश्न. प्रश्न आमचा, उत्तरं मात्र सगळ्यांकडे तयार.

यांचा धाकटा भाऊ मुकुंद बेसिंगस्टोकला असतो, आयटीत. बेसिंगस्टोकला बर्फ पडतो तो टीव्हीवर. पण उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? तो रोज एक व्हिडिओ पाठवायचा. एकात कुणीतरी टायरवर डब्यातून फवारा मारत होतं आणि गाडी बर्फातून सुसाट. मी तीनदा बघितला. फवारा मारताना गाडी निळी होती, सुसाट जाताना काळी. मुकुंदला तसं कळवलं, तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार निगेटिव्ह बघता." दुसऱ्या कुणी सांगितलं, टायरमधली थोडी हवा काढा. यांनी ते ऐकून डोक्याला हात लावला. आमची ऋता नॉटिंगहॅमला असते, तिचं म्हणणं विंटर टायर्स घ्या. "आई, मी ऑनलाइन बघितला, सगळा रिव्ह्यूज एकदम गुड आहे." रिव्ह्यू कोण लिहितं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "लोक लिहितात ना, आई." लोक. कुठले लोक, त्यांच्या घरापुढे चढ आहे का, यातलं कुणाला काही माहीत नाही.

विंटर टायरचं यांनी मात्र नीट समजावलं. थंडीत साधं रबर कडक होतं, हे रबर मऊ राहतं, त्यावर बारीक चिरा असतात, त्या बर्फात रुततात. बाराही महिने चालणारे टायरही मिळतात, त्यांच्या अंगावर डोंगराचं आणि आत बर्फाच्या पाकळीचं चिन्ह बघून घ्यायचं. ठीक आहे, म्हटलं, घेऊ. गॅरेजला फोन केला, तारीख ठरली. तोवरच्या सोयीला मी मांजराचं लिटर आणलं, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या पेटीत घालतात ती बारीक खडी. आमच्याकडे मांजर नाही. पण चाकाखाली ते टाकलं की पकड मिळते, असं निम्मं ग्लासगो सांगतं.

आणि मी तशीच टाकणारी बाई नव्हे. बेकिंगच्या ट्रेमध्ये पाणी घालून फ्रीजरमध्ये ठेवलं, बर्फाच्या पाट्या केल्या. एकीवर लिटर, एकीवर पेटीतली वाळू, एकीवर मॉयराच्या शेगडीतली राख. मग यांचा जुना बूट त्यावर ठेवून ट्रे तिरका करत गेले. बूट कधी घसरतो ते बघायचं. हे खुर्ची ओढून बसले आणि इतके रंगले की विचारू नका. लिटरचा थोड्या वेळात चिखल झाला. जे ओलं झालं की गोळा होतं, तसलं आणलं होतं मी. "हे नाही, साधं आण," हे म्हणाले. वाळू बरी ठरली. राखेने दोघांनाही चकित केलं. स्वयंपाकघराचा उकिरडा झाला होता आणि हे बूट हातात धरून मला सांगत होते, "घर्षण एकट्या टायरचं नसतं गं. एकट्या रस्त्याचंही नसतं. दोघांचं मिळून असतं." त्या आजारपणातली ती एक दुपार मला फार आवडते. हे आजारी आहेत हे मी तेव्हा खरोखर विसरले होते.

मग आले मोजे. ऋतानेच पाठवले. चाकाला घालायचे कापडी मोजे, पांढरे, उशीच्या अभ्र्याएवढे पातळ. मी ते हातात घेऊन उलटेसुलटे केले, शिवण ओढून पाहिली, वास घेतला. लोखंडाचं काम कापड करणार, यावर माझा काडीचा विश्वास बसेना. हे म्हणाले, "थंडीत फ्रीजरचा ट्रे ओल्या हाताला चिकटतो ना, साधारण तसंच समज." पहिला हलका बर्फ पडला त्या दिवशी आम्ही ते घातले. पुढच्या चाकांना, कारण आमची गाडी पुढची चाकं ओढतात. गुडघे टेकून वरचा अर्धा भाग चढवायचा, गाडी थोडी पुढे घ्यायची, उरलेला चढवायचा. आणि गाडी चढ चढली. आवाजही नाही, कुरकूर नाही, देवळात अनवाणी जावं तशी गेली. खाली मोठ्या रस्त्याला लागलं की काढून टाकायचे, नाहीतर डांबरावर चिंध्या होतात. मी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करून पाहिलं. मग कबूल केलं की हे खरं आहे. माझ्याकडून असं कबूल करून घेणाऱ्या वस्तू थोड्या आहेत.

तिथून पुढे मात्र कुठेतरी पाणी मुरायला लागलं. टायर बदलायच्या दिवशी गॅरेजमध्ये गेले, तर काउंटरवरची बाई म्हणाली, तुमची अपॉइंटमेंट फोन करून पुढे ढकललीत ना. मी ढकलली नव्हती. मी गॅरेजवर संशय घेतला. साधं लिटर आणून शेडमध्ये ठेवलेलं, ते नाहीसं झालं आणि दोन दिवसांनी मॉयराच्या मांजराच्या पेटीत तसलंच लिटर दिसलं. मी मॉयरावर संशय घेतला. ती सरळ बाई आहे, मला माहीत आहे, तरी घेतला. घरासमोर टाकायला ठेवलेलं वाळूचं पोतं एका दुपारी रिकामं आढळलं, मागच्या बागेतल्या वाटेवर वाळूचा जाड थर. बागेत हिवाळ्यात जातं कोण?

आणि हे संध्याकाळी खिडकीशी बसायचे. हवामानाच्या बातम्या लागल्या की आवाज वाढवायचे. "उद्या पडणार म्हणतात," असं म्हणताना यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मला वाटायचं, यांना थंडीतलं काही लहानपणचं आठवत असेल. पण हे वाढले सोलापूरला. तिथे बर्फ मिळतो तो उसाच्या रसात. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण कशाबद्दल ते कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

संक्रांत आली. इथे बायका दूरदूर राहतात, म्हणून हळदीकुंकू शनिवारी किंवा रविवारी, ज्या दिवशी जमेल त्या दिवशी. त्या वर्षी आमच्याकडे. वाण काय द्यायचं हा दरवर्षीचा घोळ. वाट्या झाल्या, डबे झाले, मेणबत्त्या झाल्या. मी म्हटलं, या वेळी उपयोगाचं देऊ, आणि गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची खरवडणी आणली. बायका हसल्या, पण सगळ्यांनी आवडीने घेतली. कागदी पिशव्यांत खरवडणं आणि तिळगुळाची पुडी घालायचं काम यांनी आपण होऊन मागून घेतलं. प्रत्येक पिशवीवर नावंही यांनीच सुंदर अक्षरात लिहिली. मी हळदीकुंकू लावत होते, हे एकेक पिशवी माझ्या हातात देत होते, मी ती पुढे करत होते. केतकीची पिशवी जरा फुगीर वाटली. केतकी म्हणजे नुकतीच पुण्याहून आलेली, हॉस्पिटलात नर्स असलेली पोर, एकटी राहते. मी समजले, यांनी तिला तिळगूळ जास्त घातलाय.

सोमवारी पहाटे जाग आली तेव्हा बाहेर आवाज नव्हता. पडदा सारला. रात्रभर पडून थांबला होता, वर आभाळ निळं, खाली सगळं बुजलेलं. आज मोजे लागणार, म्हणून मी कोट चढवून गाडीपाशी गेले. डिकी उघडली. मोजे नव्हते. जॅकच्या खाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, शेडमध्ये पाहिलं. गॅरेज झालं, मॉयरा झाली, आता कुणावर संशय घ्यायचा याचा विचार करत घरात आले, तेवढ्यात फोन वाजला. केतकी होती, हॉस्पिटलमधून.

"काकू, थँक यू सो मच. आज मी त्या वाणामुळे ड्यूटीवर पोचले. आमच्या इथे बसच बंद आहेत. काका ख्रिसमसला तुमच्याकडे जेवताना माझ्या टायरच्या मापाचा नंबर विचारत होते ना, मला वाटलं असंच. आत्ता कळलं, तुमचं दोघांचं आधीच ठरलं होतं."

मी म्हटलं, "वापर हो, छान वापर." दुसरं काय म्हणणार? हळदीकुंकू लावून, माझ्या हाताने, माझ्या घरात दिलेलं वाण. जगातली कुठलीही वस्तू गोड बोलून परत मागता येते, वाण येत नाही. हे यांना चांगलं माहीत होतं. आयुष्यभर हळदीकुंकवाच्या दिवशी हे पेपर घेऊन वरच्या खोलीत जाऊन बसायचे, त्या वर्षीच तेवढे पिशव्या भरायला खाली थांबले होते.

हे स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. अंगात ड्रेसिंग गाऊन. निघायची वेळ झालेली, आणि कपडे बदललेले नव्हते.

"केतकीचा फोन होता," मी म्हटलं. "वाण आवडलं म्हणे."

"अरे वा. खरवडणं कामाला आलं का?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

मी समोरची खुर्ची ओढली.

"मोजे तुम्ही घातलेत तिच्या पिशवीत."

"हो."

"टायरची तारीख तुम्ही पुढे ढकललीत. लिटर मॉयराला तुम्ही दिलंत."

"तिला म्हटलं, उषाने चुकून जास्त आणलं." हे थोडं हसले. मग म्हणाले, "उषा, त्या उतारावर तुझे हात तू बघितले नाहीस. मी शेजारी बसून बघतो. आठवड्यातून तीनदा बघतो. माझ्यापायी तुला काही झालं तर त्या मशीनचं मी करायचं काय?"

ऐकायला फार चांगलं वाटलं. डोळ्यांत पाणीही आलं. पण मी प्रिस्क्रिप्शन वाचणारी बाई. कुठे काय लिहिलेलं नाही, ते मी आधी बघते.

"हे अर्धं झालं," मी म्हटलं. "बायकोच्या काळजीने कुणी बर्फाच्या बातम्या ऐकून खूश होत नाही. उरलेलं सांगा."

बाहेर मॉयरा दारासमोरचं फावड्याने काढत होती, त्याचा खरखर आवाज येत होता.

"मला एक दिवस असा हवा होता," हे म्हणाले, "की जायचं नाही, आणि त्यात कुणाचा दोष नाही. तुझा नाही, माझा नाही. बर्फच पडला, काय करणार."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीही पडला असता तर बरं, असं वाटायचं."

"थकलात?"

"हो गं. फार थकलोय."

इतक्या महिन्यांत हा शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. सिस्टरने विचारलं की "फाइन", डॉक्टरने विचारलं की "कान्ट कम्प्लेन", ऋताने विचारलं की "मस्त". मला राग आला. थकल्याचा नाही. सोलापूरच्या माणसाने स्कॉटलंडच्या बर्फाला साक्षीदार करावं आणि घरात बसलेल्या बायकोला सांगू नये, याचा आला.

"मग तसं सांगायचं," मी म्हटलं. "थांबायचं असेल तर थांबायचंय म्हणून सांगा. मी भांडेन, रडेन, ऋताला बोलावेन. पण ऐकेन. फक्त बर्फाच्या आड लपून नको. रस्ता कोरडा असेल, गाडी धड असेल, मी न्यायला तयार असेन, तेव्हा तोंडाने सांगा."

"आणि आज सांगितलं तर?"

"आज रस्ता कोरडा नाही."

हे टेबलाला हात टेकून उठले आणि कपडे बदलायला गेले.

त्या दिवशी आम्ही राखेवरून गेलो. मॉयराने शेगडीची आख्खी बादली आणली, मी पेटीतली वाळू, आणि दोघींनी मिळून उतारावर चाकांच्या दोन पट्ट्या ओढल्या. ती म्हणाली, तिची आई असंच करायची, तेव्हा कुठले मोजे न् काय. गाडीत हे शांतपणे सांगत होते, दुसरा गिअर, पाय वर, ब्रेक नको, गाडीला जाऊ दे तिच्या चालीने. माझे हात पुन्हा ओले झाले होते. या वेळी यांनी डावीकडून हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला आणि खाली पोचेपर्यंत काढला नाही. हॉस्पिटलात सिस्टर म्हणाली, आज तुम्ही याल असं वाटलं नव्हतं. हे म्हणाले, मलाही नव्हतं वाटलं.

टायर बदलून झाले. ऋताने दुसरे मोजे पाठवले, ते डिकीत जिथल्या तिथे राहिले. यांनी पुन्हा काही लपवलं नाही. मी तपासत होते, म्हणून सांगते. पण माझं मात्र सगळं उलटं होऊन बसलं. पहाटे बाहेर आवाज नसला, बर्फ पडलेला दिसला, की मला हायसं वाटायचं. आज सांगणार नाहीत. मग मी उत्साहाने वाळू टाकायची, गुडघे टेकून मोजे चढवायची, गाणं गुणगुणत. आणि ऊन पडलं, रस्ता सुकला, की नाश्त्याच्या टेबलावर मी यांच्याकडे बघायचीच नाही. आख्ख्या रस्त्यावर वसंत आल्याचा आनंद करत नसलेली मी एकटीच असेन. डॅफोडिल्स उगवली की लोक फोटो काढतात, मी त्यांच्याकडे चोरासारखी बघायची. तो वसंत गेला. उन्हाळा गेला. दुसरा हिवाळा आला आणि गेला. हे सोमवार, बुधवार, शुक्रवार जात राहिले, आणि मशीनवरून येताना दर खेपेला थोडे कमी होऊन येत राहिले.

आता मुकुंद विचारतो, वहिनी, बर्फात सगळ्यांत बेस्ट काय? ऋता विचारते. केतकीही विचारते, तिचं आता लग्न झालंय, तीही चढावरच्या घरात गेली आहे. मी तिला सांगते, टायर चांगले घे, मोजे डिकीत ठेव, राख मिळाली तर सोडू नकोस, आणि कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, स्वतः करून बघ. एवढं सगळं मला येतं. पण कोरड्या रस्त्यावर काय करायचं, ते मला यांनी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवू शकत नाही.

त्या दुसऱ्या हिवाळ्यानंतरचा तो मे महिना होता. ग्लासगोत मे महिन्यात कधीकधी असे दिवस येतात की आपण दुसरीकडेच कुठेतरी राहतो असं वाटावं. आठवडाभर पाऊस नव्हता. खिडकीतून पलीकडच्या टेकड्या अगदी जवळ दिसत होत्या. बुधवार होता. मी गाडीची किल्ली घेऊन खाली आले, तर हे टेबलाशी बसले होते. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट, पायात सपाता.

"उषा," हे म्हणाले, "रस्ता कोरडा आहे."

मी खिडकीतून पाहिलं. उतार खालपर्यंत स्वच्छ, धूळसुद्धा उडत होती. मग यांच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, आयुष्यभर कागदावरच्या सह्या बघितल्या तसं. कुठेतरी काही लपवलेलं असेल, एखादी युक्ती असेल, माझ्या काळजीचं निमित्त असेल. मला ते सापडायला हवं होतं. काही सापडलं नाही. हे शांतपणे माझ्याकडे बघत होते आणि वाट बघत होते.

मी कबूल केल्याप्रमाणे रडले. भांडलेही थोडी. मग फोन उचलला आणि डायलिसिस युनिटला कळवलं की श्रीधर आज येणार नाहीत. फोनवर ती नेहमीचीच सिस्टर होती, बर्फात आम्ही पोचलो होतो तेव्हाची. तिने काळजीने विचारलं, गाडी बिघडली का, पाठवू का कुणाला.

"नाही," मी म्हटलं. "गाडी चांगली आहे. रस्ताही चांगला आहे."